वाद माध्यमाचा, कुलूप फाटकाला

पहिलीपासून हिंदी शिकवण्याचा शासन निर्णय १६ एप्रिल २०२५ला निघाला आणि २९ जूनला मागे घेतला गेला. त्या अडीच महिन्यांत मुंबईतल्या मराठी शाळांबद्दल जेवढं बोललं गेलं तेवढं त्याआधीच्या दहा वर्षांत ऐकल्याचं मला आठवत नाही. निर्णय गेला, पण त्यातून निघालेला दुसरा वाद अजून धुमसतोय. महापालिकेच्या मराठी शाळा ओस पडताहेत, एकेक करून बंद होताहेत, त्याला जबाबदार कोण? काही जण सगळा दोष पालकांवर टाकतात. स्वतःची मुलं इंग्रजीत घालणाऱ्यांनी मराठी शाळांसाठी गळा काढू नये, असं ते म्हणतात. काहींच्या मते सरकारनं या शाळा जाणूनबुजून मरू दिल्या, कारण डोळा जागेवर आहे. आणि हिशेबी मंडळी विचारतात, पटावर मुलंच नाहीत तर इमारत, शिक्षक आणि वीजबिल कशासाठी पोसायचं?

या तिन्ही म्हणण्यांत तथ्य आहे. तरीही हा वाद चुकीच्या टोकाला धरून चाललाय असं माझं ठाम मत आहे. तिन्ही बाजू बोलतात ती हजेरीपटाबद्दल. इमारतीबद्दल, तिच्या मैदानाबद्दल, कपाटात कुलूपबंद पुस्तकांबद्दल आणि संध्याकाळी अंधारात बसणाऱ्या रिकाम्या बाकांबद्दल कुणी बोलत नाही. मुंबईसारख्या शहरात शाळा ही आधी जागा असते आणि मग माध्यम. पटावर नाव असलेल्या मुलांपुरती दिवसा उघडणारी इमारत वस्तीला आपली वाटत नाही, आणि जी आपली वाटत नाही ती वाचवायला वस्ती रस्त्यावर येत नाही. म्हणून माझी मागणी अशी: सार्वजनिक पैशावर चालणाऱ्या प्रत्येक शाळेतले दोन-चार वर्ग, तिचं ग्रंथालय आणि मैदान रोज संध्याकाळी साडेसहा ते दहा त्या वस्तीतल्या प्रत्येक मुलासाठी उघडं असावं. ते मूल मराठी माध्यमात शिकतं की इंग्रजी, उर्दू की हिंदी, महापालिकेच्या शाळेत जातं की गल्लीतल्या खासगी शाळेत, हे फाटकावर कुणी विचारू नये.

आधी पालकांबद्दल. मुलांना इंग्रजी शाळेत घालणाऱ्या आईबापांना द्रोही म्हणणाऱ्यांशी माझं भांडण आहे. घरकाम करणारी, वडापावची गाडी लावणारी, सोसायटीच्या गेटवर बारा तास उभी राहणारी माणसं पोटाला चिमटा काढून महिन्याची फी भरतात ती भाषेचा राग म्हणून नाही. नोकरीच्या मुलाखतीत आपल्यापुढे कोणता दरवाजा बंद झाला होता, हे त्यांना पक्कं माहीत असतं. ज्यांची दोन पिढ्यांची इंग्रजी घरातच आहे त्यांनी या माणसांना मातृभाषेचं महत्त्व शिकवावं, हे मला पटत नाही. त्याच वेळी हेही खरं की घरात जी भाषा बोललीच जात नाही तिच्यात पाच-सहा वर्षांच्या मुलाला वजाबाकी शिकवणं म्हणजे त्याला दोन न कळणाऱ्या गोष्टी एकदम शिकवणं. आठवीत गेलेली, इंग्रजीत परिच्छेद घडाघडा वाचणारी आणि त्याचा अर्थ विचारल्यावर खाली मान घालणारी मुलं मी कितीतरी पाहिली आहेत. मराठी माध्यमाची बाजू मांडणाऱ्यांचा हा मुद्दा सर्वांत बळकट आहे आणि तो मला पूर्ण मान्य आहे.

पण हा वाद काय आजचा आहे? मुंबईत तो १८४७ सालीही याच तावातावाने झाला होता. तेव्हाच्या शिक्षण मंडळाचे अध्यक्ष अर्स्किन पेरी यांना इंग्रजीतून शिक्षण हवं होतं. मंडळावरच्या जगन्नाथ शंकरशेट यांनी त्याला लेखी विरोध केला आणि लोकांपर्यंत ज्ञान न्यायचं तर ते लोकांच्या भाषेतूनच नेलं पाहिजे, अशी बाजू मांडली. कर्नल जर्व्हिस हा इंग्रज अधिकारी त्यांच्या बाजूला होता. म्हणजे गोरे एकीकडे आणि देशी दुसरीकडे, अशी ती सरळ लढाई नव्हतीच. पुढे १८५४च्या वुडच्या खलित्याने, म्हणजे कंपनी सरकारच्या शिक्षणविषयक आदेशाने, दोन्ही भाषांना जागा दिली आणि वाद मिटल्यासारखा झाला. पावणेदोनशे वर्षांनी आपण पुन्हा तिथेच उभे आहोत. मात्र नाना शंकरशेटांची एक गोष्ट या वादात कुणी काढत नाही. मुलींच्या शाळेसाठी त्यांनी गिरगावातल्या आपल्या वाड्यात जागा दिली. माध्यमाबद्दलचं मत त्यांनी मंडळात मांडलं आणि शाळेसाठी घराचं दार उघडलं. त्यांचं पहिलं काम आपण रोज करतो. दुसऱ्याचं काय?

जागा म्हणजे काय, हे मुंबईबाहेरच्याला समजावून सांगावं लागतं. बीडीडी चाळीतली खोली १६० चौरस फुटांची. त्यात सहा-सात माणसं, मोरी, चूल आणि आल्यागेल्याचं अंथरूण. शंभर वर्षांपूर्वी बांधलेल्या त्या चाळींच्या जागी आता ५०० चौरस फुटांची घरं मिळू लागली, ती ज्यांना मिळाली त्यांचं मनापासून अभिनंदन. पण २०११च्या जनगणनेनुसार या शहरातले दर शंभरातले चाळीसहून अधिक लोक झोपडपट्टीत राहतात. त्यांच्या घरात टेबल नसतं, असं म्हणून भागत नाही. टेबल ठेवायला भिंत नसते. माझ्या ओळखीची एक मुलगी दहावीत होती तेव्हा तिचे वडील रात्रपाळीला जायचे. दिवसभर ते झोपायचे, म्हणून खोलीतला दिवा बंद. संध्याकाळी ते उठले की स्वयंपाक, पाणी, धाकट्या भावाचा टीव्ही. रात्री दहानंतर तिला दिवा मिळायचा आणि तोपर्यंत तिचे डोळे मिटायला लागलेले असायचे. अशा मुलीला टॅब द्या, सत्तावीस शालोपयोगी वस्तू द्या, कोणत्याही माध्यमात घाला. तिला हवे आहेत ते संध्याकाळचे तीन तास, डोक्यावर एक दिव्याची नळी आणि आजूबाजूला शांतता.

बाबासाहेबांचं शालेय आयुष्य आपण भाषणांत सांगतो ते जिद्दीची गोष्ट म्हणून. मला त्यात जागेची गोष्ट दिसते. परळच्या एका खोलीतल्या बिऱ्हाडात रामजी सकपाळ मुलाला लवकर झोपायला सांगत आणि रात्री दोनच्या सुमारास अभ्यासाला उठवत, कारण त्या खोलीत निवांतपणा मिळायचा तो त्याच वेळी. संध्याकाळी शाळा सुटली की तो मुलगा चर्नी रोडच्या बागेत जाऊन वाचत बसे. तिथेच शिक्षक आणि लेखक कृष्णाजी अर्जुन केळुसकरांचं त्याच्याकडे लक्ष गेलं. पुढे त्यांनी त्याला पुस्तकं दिली, मॅट्रिक झाल्यावर सत्कारसभेत आपलं बुद्धचरित्र दिलं आणि बडोद्याच्या सयाजीराव महाराजांच्या मदतीचा मार्गही खुला करून दिला. हे सगळं घडलं कारण एक सार्वजनिक जागा उघडी होती आणि तिथे एका मोठ्या माणसाची एका मुलाशी गाठ पडू शकली. त्या बागेला पाचनंतर कुलूप असतं तर? हा प्रश्न मला खरोखर अस्वस्थ करतो.

वरळीत सुदाम काळू अहिरे मार्गावर 'अभ्यास गल्ली' आहे. चाळींतली मुलं पिढ्यान्‌पिढ्या तिथे रस्त्याच्या दिव्याखाली बसून शिकली. त्यांतली कितीतरी पुढे मोठ्या पदांवर गेली आणि ती गल्ली मुंबईच्या अभिमानाची जागा झाली. मलाही त्या मुलांचा अभिमान आहे. पण ज्या शहरात गल्लोगल्ली सार्वजनिक शाळा आहेत, त्या शहरातल्या मुलांना अभ्यासासाठी फुटपाथ का लागावा? पाचशे मुलांची सोय असलेल्या, छप्पर, पंखे, बाक आणि स्वच्छतागृहं असलेल्या इमारती संध्याकाळी बंद होतात आणि मुलं दिव्याच्या खांबाखाली सतरंजी अंथरतात. वर्गात न्यायला हवी होती ती मुलं आपण रस्त्यावर बसू दिली आणि त्या रस्त्याचं कौतुक केलं.

'हे करता येत नाही' असं म्हणणाऱ्यांना मी रात्रशाळांकडे बोट दाखवते. या शहरातल्या रात्रशाळांची परंपरा शंभर वर्षांहून जुनी आहे. १९११मध्ये नारायण मल्हार जोशींनी सोशल सर्व्हिस लीग काढली आणि गिरणगावात कामगारांसाठी रात्रीचे वर्ग, वाचनालयं, फिरती ग्रंथालयं सुरू केली. दिवसभर साच्यावर उभा राहिलेला माणूस रात्री पाटी घेऊन बसत होता आणि त्याला बसायला कुणीतरी जागा देत होतं. आजही कितीतरी रात्रशाळा दिवसाच्या शाळांच्याच इमारतींत भरतात. तेच बाक, तेच फळे, तोच दिवा. म्हणजे इमारत संध्याकाळी उघडता येते, ती सुरक्षित राहते, सकाळी साडेसातला पुन्हा बालवाडीच्या मुलांसाठी तयारही असते. आणखी एक उदाहरण घ्या. मतदानाला शाळा उघडते. अतिवृष्टीत घरात पाणी शिरलं की लोकांना तात्पुरतं हलवतात ते शाळेत. संकटाच्या रात्री जी इमारत सगळ्यांची असते ती साध्या मंगळवारी संध्याकाळी कुणाचीच का नसते?

तीन वर्षांपूर्वी डिसेंबरात आमच्या पूर्व उपनगरातल्या वस्तीत आम्ही सहा-सात जणींनी ठरवलं की दहावीच्या मुलांना जानेवारी ते मार्च संध्याकाळी बसायला दोन वर्ग मिळवायचे. शिकवायचं नव्हतं. नुसतं बसवायचं, अडलं तर सांगायचं, दहाला घरी सोडायचं. शाळेच्या मुख्याध्यापिका बाई तयार होत्या. शिपाईदादा म्हणाले, मी इथेच राहतो, किल्ली माझ्याकडेच असते. आम्ही अर्ज केला. तो एका टेबलावरून दुसऱ्यावर, एका कार्यालयातून दुसऱ्यात फिरला. प्रत्येक जण सौजन्याने बोलला, कुणी नाही म्हटलं नाही, आणि सही कुणीच केली नाही. शेवटी कळलं की शाळेची वेळ संपल्यावर मुलांना काही झालं तर जबाबदार कोण, या एका प्रश्नावर तो अडला होता. तोवर फेब्रुवारी उजाडला. आमची एकोणीस मुलं त्या शाळेच्या फाटकाबाहेरच्या पायऱ्यांवर बसायची, कारण तिथे आतल्या आवारातल्या दिव्याचा उजेड पडायचा. एकदा पायरीवरून उठताना एका मुलाचा पाय मुरगळला. रस्त्यावर बसलेल्या मुलाची जबाबदारी कुणाची, हे तेव्हा कुणीच विचारलं नाही.

तरीही जबाबदारीचा प्रश्न खोटा नाही, हे मी मान्य करते. शाळेच्या आवारात मुलांवर, विशेषतः मुलींवर अत्याचार झाल्याच्या बातम्या आपण वाचल्या आहेत आणि अधिकाऱ्याची सही करताना जो हात थांबतो तो नेहमी आळसामुळेच थांबतो असं नाही. पण यातून निघणारा निष्कर्ष कुलूप हा कसा असेल? मुलीला धोका बंद फाटकाच्या आत जास्त असतो की बाहेर? अंधाऱ्या गल्लीपेक्षा, जिन्याखालच्या कोपऱ्यापेक्षा दोन बायका बसलेला, दार उघडं असलेला, दिवे लागलेला वर्ग धोक्याचा कसा? नोंदवही ठेवा, तळमजल्यावरचेच वर्ग उघडा, पगार देऊन एक देखरेख करणारी बाई नेमा, पालकांपैकी दोघांची रोज पाळी लावा. साडेतीन तासांचं हे काम आहे, रॉकेट उडवायचं नाही. महापालिकेचं शिक्षणाचं अंदाजपत्रक तीन हजार कोटींच्या वर आहे. त्यात एका बाईचा पगार आणि चार नळ्यांची वीज बसत नाही, असं कुणी म्हणू शकत नाही.

शिक्षकांचा आक्षेप त्याहून रास्त आहे. आधीच जनगणना, निवडणूक, मतदार याद्या, पोषण आहार, पोर्टलवरची माहिती. त्यात संध्याकाळ घातली तर आम्ही शिकवायचं कधी? बरोबर आहे. शिक्षण हक्काच्या कायद्यातही शिक्षकांना अशैक्षणिक कामं देऊ नयेत, असं कलम आहे. जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक एवढीच सूट आहे आणि ती सूटच सगळं वर्ष खाते. म्हणून संध्याकाळच्या वर्गाचा भार एकाही शिक्षकावर टाकू नये, हे मी आधीच सांगून टाकते. एखाद्या सरांना यावंसं वाटलं तर त्यांचं स्वागत, पण हजेरी नाही.

यापेक्षा मला खरी भीती वाटते ती वेगळ्याच आक्षेपाची. इमारत उघडली की ती बळकावली जाईल. आज अभ्यासिका, उद्या मंडळाचं कार्यालय, परवा साहेबांच्या फोटोचा फलक, मग शुभेच्छांची बॅनर्स, आणि एके दिवशी कॅरमबोर्ड नि दारू. वस्तीत राहणारा कुणीही हे हसण्यावारी नेणार नाही, कारण आम्ही हे पाहिलं आहे. कुठे कुठे ज्या अभ्यासिका निघाल्या त्यांच्या दारावर मुलांच्या सूचनांपेक्षा नेत्यांची नावं मोठी आहेत. या आक्षेपाला मी कबुलीनेच सुरुवात करते: हो, असं होऊ शकतं. पण बंद इमारत बळकावली जात नाही का? उलट तीच आधी जाते. पट कमी झाला म्हणून रिकामा केलेला मजला आधी कुठल्या तरी कार्यालयाला मिळतो, मग कुठल्या संस्थेला, मग धोकादायक म्हणून खाली होतो, आणि पाडल्यावर तिथे पुन्हा शाळाच उभी राहील का, याची खात्री कुणी देत नाही. हे सगळं शांतपणे होतं, कारण रिकाम्या मजल्याकडे बघणारं कुणी नसतं. रोज संध्याकाळी साठ मुलं आणि त्यांच्या आया जिथे येतात तिथे एक फलक लावायलाही चार वेळा विचार करावा लागतो.

आणि कायद्याने वस्तीच्या हातात साधनही दिलं आहे. २००९च्या शिक्षण हक्क कायद्याने सरकारी, पालिकेच्या आणि अनुदानित शाळांत शाळा व्यवस्थापन समिती सक्तीची केली. तिचे तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात, निम्म्या सदस्य स्त्रिया असतात. बहुतेक ठिकाणी ही समिती वर्षातून काही वेळा कागदावर सह्या करायला भेटते. संध्याकाळच्या वर्गाची किल्ली, नोंदवही आणि फलकाबाबतचा निर्णय या समितीकडे द्या. तिला पहिल्यांदाच खरं काम मिळेल. नगरसेवकांनाही माझं सांगणं आहे. मार्च २०२२मध्ये आधीच्या सभागृहाची मुदत संपली आणि पुढे तीन वर्षांहून जास्त काळ मुंबईचा कारभार प्रशासकाकडे होता. शिक्षण समितीत उभं राहून आपल्या प्रभागातल्या शाळेबद्दल विचारणारा एकही निवडून आलेला माणूस त्या काळात नव्हता. मुलांची ती वर्षं परत येणार नाहीत.

पट कमी आहे म्हणून दोन शाळा एक करा, हा हिशेबी मंडळींचा युक्तिवाद. कागदावर तो सरळ आहे. चाळीस मुलांची शाळा आणि साठ मुलांची शाळा मिळून शंभरांची एक होते, शिक्षक पुरतात, प्रयोगशाळा नीट चालवता येते. हे फायदे मी नाकारत नाही; पहिली ते चौथी एकाच बाईंनी एका खोलीत शिकवणं हे कुणाच्याच हिताचं नाही. पण पहिली ते पाचवीच्या मुलाला एक किलोमीटरच्या आत शाळा, हा नियम ठरवणाऱ्यांनी मुंबईचा किलोमीटर चालून पाहिला आहे का? त्यात एक हमरस्ता येतो, कधी रेल्वेचे रूळ, कधी नाला, कधी मेट्रोचं खोदकाम. पहिलीतलं मूल तिथून एकटं जाऊ शकत नाही आणि कामाला जाणारी आई रोज सोडायला येऊ शकत नाही. मग ते मूल जवळच्या खासगी शाळेत जातं, नाहीतर घरी राहतं. दोन्ही प्रसंगी विलीन झालेल्या शाळेचा पट शंभर न होता सत्तर होतो आणि पुढच्या विलीनीकरणाचं कारण तयार होतं.

सरकारचाच आणखी एक निर्णय इथे आठवतो. फेब्रुवारी २०२४मध्ये राज्याने नियम बदलले: एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर तिथल्या खासगी शाळेने गरीब मुलांसाठीच्या पंचवीस टक्के जागा द्यायची गरज नाही. जुलैमध्ये उच्च न्यायालयाने तो बदल रद्द केला आणि ते योग्यच झालं. पण त्या बदलामागचं म्हणणं लक्षात ठेवण्यासारखं आहे. सरकारच सांगत होतं की शेजारची सार्वजनिक शाळा गरीब मुलाला पुरेशी आहे. असं असेल तर ती पुरेशी करा ना. गरिबाला खासगी दार बंद करताना जिची आठवण येते ती शाळा बंद करताना का विसरली जाते?

मुंबई पब्लिक स्कूल या नावाने महापालिकेने सीबीएसई, आयसीएसई आणि पुढे आंतरराष्ट्रीय मंडळांच्याही शाळा सुरू केल्या. त्यांच्यावर मराठीप्रेमी रागावले. मी रागावले नाही. तिथे प्रवेशासाठी सोडत काढावी लागते, म्हणजे पालिकेची शाळा म्हटल्यावर पालक नाक मुरडतात हा समज खोटा निघाला. चांगली रंगवलेली इमारत, वेळेवर येणारे शिक्षक, पुढे जायची वाट दिसली की त्याच वस्तीतले तेच पालक पालिकेच्या दारात रांग लावतात. पण सोडतीत नाव न आलेल्याचं काय? एका इमारतीत सगळं ओतून शेजारच्या तीन इमारती विझू द्यायच्या, हे १८८२ साली जोतीराव फुल्यांनी सरकारच्या हंटर शिक्षण आयोगापुढे जे सांगितलं त्याच्या अगदी उलट आहे. शेतकऱ्याच्या घामाच्या महसुलातून वरच्या वर्गाचं उच्च शिक्षण पोसलं जातं आणि ते खाली झिरपेल अशी आशा केली जाते, ती सपशेल फसली आहे, हे त्यांनी सरकारला तोंडावर सांगितलं आणि किमान बाराव्या वर्षापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा अशी मागणी केली. मुंबईत सक्तीचं प्राथमिक शिक्षण आलं ते त्यानंतर चाळीसहून अधिक वर्षांनी, १९२५मध्ये, तेही फक्त एफ आणि जी विभागांत. परळ, दादर, माहीम, वरळी. गिरणगावापासून सुरुवात करावी असं तेव्हाच्या महापालिकेला वाटलं, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. जिथे गरज जास्त तिथे आधी.

आता मराठीचं काय? माझ्या मागणीत मराठीचा उल्लेख नाही, म्हणून काही मैत्रिणी माझ्यावर नाराज आहेत. माझा अनुभव त्यांनी ऐकावा. पायऱ्यांवर बसणाऱ्या त्या एकोणीस मुलांत अकरा इंग्रजी माध्यमाची होती, पाच मराठी, दोन हिंदी आणि एक उर्दू. आपसात सगळी बोलायची मराठी, थोडी हिंदी मिसळलेली. इंग्रजी माध्यमातल्या अकरांपैकी बहुतेकांच्या घरी मराठी होती आणि मराठीचं एक पान सलग वाचताना त्यांची दमछाक व्हायची. २०२०च्या कायद्याने राज्यातल्या सगळ्या शाळांत मराठी विषय सक्तीचा झाला. चांगलं झालं. पण सक्तीने विषय मिळतो, वाचनाची सवय मिळत नाही. ती लागते हातात पुस्तक आल्यावर, आणि या मुलांच्या घरात पुस्तक विकत येत नाही. सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा राज्यात १९६७ पासून आहे, मुंबई मराठी ग्रंथ संग्रहालय १८९८ पासून आहे, पण वस्तीतलं मूल दादरला जाऊन सभासद होत नाही. त्याच्या घरापासून दोनशे पावलांवर शाळेच्या ग्रंथालयातलं कपाट मात्र आहे. मी आत जाऊन पाहिलं आहे: 'श्यामची आई' आहे, शास्त्रज्ञांची चरित्रं आहेत, कोऱ्या करकरीत पानांच्या गोष्टी आहेत. हरवतील म्हणून बाहेर काढत नाहीत. वाचून फाटलेलं पुस्तक आणि न वाचता पिवळं पडलेलं पुस्तक यांपैकी कोणतं जास्त हरवलं?

मराठी शाळा वाचवण्यासाठी जे मोर्चे निघतात, निवेदनं दिली जातात, त्यांत मी स्वतः गेले आहे. तिथली माणसं निःस्वार्थी आहेत, अभ्यासू आहेत आणि बहुतेक वेळा दुसऱ्या भागातून आलेली असतात. ज्या वस्तीतली शाळा बंद होतेय तिथली माणसं दारात उभी राहून बघत असतात. त्यांना काळजी नाही असं नाही. त्यांचं मूल त्या शाळेत नाही आणि तिथे मूल नसलेल्याला त्या फाटकातून आत जायचं कारणच कधी मिळालेलं नाही. १९२१मध्ये पार्ल्यात टिळकांच्या नावाने शाळा उभी राहिली ती पार्लेकरांनी उभी केली, म्हणून शंभर वर्षं ती त्यांची राहिली. पालिकेच्या शाळेला असं आपलेपण मिळायचं तर वर्गणीची गरज नाही, वावराची आहे. ज्या वर्गात बसून मोठी मुलगी दहावी झाली त्या वर्गात धाकट्याला पहिलीला घालायचा विचार तिची आई निदान एकदा करेल. आज ती करत नाही, कारण तिने तो वर्ग आतून पाहिलेलाच नाही.

गेल्या महिन्यात शिपाईदादा भेटले. निवृत्तीला दोन वर्षं राहिलीत त्यांची. म्हणाले, ताई, यंदा लवकर अर्ज करा, डिसेंबरात करून उपयोग नाही. आम्ही या वेळी ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात करणार आहोत, आणि खाली आमच्या सह्यांऐवजी शाळा व्यवस्थापन समितीचा ठराव जोडणार आहोत. समितीवरच्या सात आयांनी ठरावाचा मसुदा वाचून घेतला. त्यांतल्या एकीने एक ओळ वाढवायला लावली: वर्गाबरोबर ग्रंथालयाच्या कपाटाचीही किल्ली मिळावी.